जिवंत पेशीतला आरएनए बघायचाय? फ्लुरोसंट टॅग लावण्याची वाट, पायरीपायरीने

प्रथिन पाहायचं असेल तर वाट मळलेली आहे. त्याच्या जनुकाला जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडायचं, की पेशी आपणहून चमकणारं प्रथिन तयार करते. आरएनएच्या बाबतीत हे जमत नाही, कारण जीएफपीसारखा स्वतःच्या बळावर चमकणारा आरएनए आपल्या हाताशी नाही. चमकणारी वस्तू, म्हणजे टॅग, बाहेरून आणून आरएनएला चिकटवावी लागते. सगळी गोम इथेच आहे: जी चिकटली ती चमकते आणि जी चिकटली नाही तीही चमकते. पेशीभर पसरलेल्या त्या मोकळ्या उजेडात एकेक आरएनए हुडकणं म्हणजे भर दुपारी काजवे शोधणं.

या कामासाठी आजवर निघालेल्या पद्धती ही एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत: न चिकटलेल्या टॅगचं करायचं काय? हा प्रश्न डोक्यात ठेवलात तर टॅग निवडताना, प्लास्मिड बांधताना, मायक्रोस्कोपवर बसल्यावर आणि नंतर आकडे काढतानाही गोंधळ कमी होतो. पेशी वाढवणं, साधं क्लोनिंग आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप एवढं येत असलेल्या, पण आरएनएच्या वाटेला अजून न गेलेल्या मंडळींसाठी हे लिहितो आहे.

पायरी १: पेशी जिवंत असायलाच हवी का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण बऱ्याचदा उत्तर 'नाही' असं येतं. एका पेशीत अमुक एमआरएनएच्या किती प्रती आहेत आणि त्या कुठे आहेत, एवढंच हवं असेल तर पेशी फिक्स करून, म्हणजे रसायनाने जागच्या जागी गोठवून, एसएम-फिश करा, म्हणजे रंगीत प्रोबने एकेक आरएनए दाखवणारी पद्धत वापरा. यात लक्ष्य आरएनएच्या अंगभर सुमारे २० न्यूक्लिओटाइडचे कितीतरी छोटे प्रोब बसवतात, प्रत्येकावर एकच रंगद्रव्य. एखाददुसरा प्रोब भलतीकडे चिकटला तरी तो एकटा दिसत नाही. तीस-चाळीस प्रोब एका जागी जमले तरच ठळक ठिपका उमटतो. एकेक आरएनए अशा रीतीने मोजता येतो हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं आणि २००८ मध्ये ही एक-रंगद्रव्य-एक-प्रोब अशी सोपी आवृत्ती आली. पेशीच्या जनुकांना हातही लावावा लागत नाही.

तुमच्या प्रश्नात वेळ असेल तरच जिवंत पेशीकडे वळा. जनुक किती वेळ चालू राहतं आणि किती वेळ बंद, एमआरएनए पेशीच्या टोकापर्यंत ओढत नेला जातो की भटकत पोचतो, भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) कधी सुरू होतं, हे प्रश्न स्थिरचित्रावरून सुटत नाहीत.

तरीही एसएम-फिश आधी शिकून घ्याच. पुढे पायरी ६ मध्ये त्याच्यावाचून तुमचं पान हलणार नाही.

पायरी २: टॅग निवडा

सगळ्यात जास्त वापरली गेलेली पद्धत एमएस२ची, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो. एमएस२ हा जिवाणूंना ग्रासणारा विषाणू. त्याचं आवरण-प्रथिन त्याच्याच आरएनएमधल्या १९ न्यूक्लिओटाइडच्या एका हेअरपिनला, म्हणजे स्वतःवरच दुमडलेल्या तुकड्याला, घट्ट धरून बसतं. ही हेअरपिन आपल्या एमआरएनएमध्ये घालायची आणि आवरण-प्रथिनाला जीएफपी जोडून ते त्याच पेशीत बनवायचं. रॉबर्ट सिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये यीस्टमधला एएसएच१ एमआरएनए कन्यापेशीच्या टोकाकडे जाताना असाच पाहिला.

मोकळ्या टॅगवर इथे दोन उपाय आहेत. पहिला गर्दीचा: हेअरपिन एक न घालता सहसा २४ घालतात. प्रत्येकीवर आवरण-प्रथिनाची जोडी बसते, म्हणजे एका एमआरएनएवर जास्तीत जास्त ४८ जीएफपी. प्रत्यक्षात सगळ्या जागा भरत नाहीत, पण बाजूच्या विखुरलेल्या रेणूंपुढे तो ठिपका उठून दिसतो. दुसरा उपाय हद्दपारीचा: आवरण-प्रथिनाला केंद्रकात जाण्याचा संकेत, म्हणजे एनएलएस, जोडतात. मोकळं प्रथिन केंद्रकात कोंडलं जातं, पेशीद्रव्य काळोखं राहतं आणि आरएनएबरोबर बाहेर पडलेले रेणूच तिथे चमकतात.

याची किंमत वजनात मोजावी लागते. जीएफपी सुमारे २७ किलोडाल्टन, आवरण-प्रथिन सुमारे १४. अशा ४८ जोडण्यांचं वजन दोन मेगाडाल्टनच्या आसपास जातं. दीड हजार न्यूक्लिओटाइडचा एमआरएनए स्वतः जेमतेम अर्ध्या मेगाडाल्टनचा असतो. म्हणजे आपण आरएनएवर लावलेला टॅग आरएनएच्या चौपट जड आहे! एवढं ओझं घेऊनही पेशी बहुधा व्यवस्थित चालतात. बीटा-ॲक्टिनच्या जनुकातच हेअरपिन बसवलेले उंदीर २०११ मध्ये तयार झाले आणि ते नीट जगले. पण 'बहुधा' या शब्दावर भिस्त ठेवून निष्कर्ष काढू नका.

पीपी७ ही एमएस२ची सख्खी बहीण. तिचं आवरण-प्रथिन वेगळ्या हेअरपिनला ओळखतं, एमएस२च्या नाही, त्यामुळे दोन्ही एकाच पेशीत दोन रंगांत वापरता येतात. याचा एक सुरेख वापर २०१५ मध्ये झाला. पीपी७च्या हेअरपिन प्रथिनाचा संकेत असलेल्या भागात आणि एमएस२च्या स्टॉप कोडॉनच्या पुढे, अशी रचना. पहिला रायबोसोम धावत गेला की पीपी७चं प्रथिन वाटेतून उखडलं जातं आणि दुरंगी ठिपका एकरंगी होतो. कोणत्या एमआरएनएचं भाषांतर एकदा तरी झालंय, हे त्यावरून कळतं.

दुसरा पंथ ॲप्टॅमरचा. इथे प्रथिन लागतच नाही. आरएनएमध्ये एक घडी घालणारा तुकडा जोडायचा आणि बाहेरून एक लहानसं रंगद्रव्य पेशीत सोडायचं. ते मोकळं असताना जवळजवळ अंधारं असतं, घडीत शिरून जखडलं की चमकतं. मोकळ्या टॅगवर तात्त्विकदृष्ट्या यापेक्षा चांगला इलाज नाही. समी जॅफ्री यांच्या गटाने २०११ मध्ये 'स्पिनॅच' आणला. त्याचं रंगद्रव्य डीएफएचबीआय हे जीएफपीच्या आतल्या प्रकाशकेंद्राची नक्कल आहे. २०१४ मध्ये ४९ न्यूक्लिओटाइडचा 'ब्रोकोली' आला, त्याच वर्षी आपल्या रंगद्रव्याला खूप घट्ट धरणारा 'मँगो', आणि २०१९ मध्ये 'पेपर', म्हणजे मिरी, ज्याच्या रंगद्रव्यांत निळसर हिरव्यापासून लालपर्यंत निवड आहे. नावं ठेवणाऱ्यांना भूक लागली होती, दुसरं काय.

तत्त्व देखणं असलं तरी व्यवहारात अडचणी आहेत. स्पिनॅच, ब्रोकोली आणि मँगो यांच्या गाभ्यात जी-क्वाड्रुप्लेक्स ही चौपदरी रचना असते. तिला पोटॅशियम लागतं, ते पेशीत भरपूर आहे, पण सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये आरएनएमधल्या अशा रचना मोठ्या प्रमाणावर उलगडल्या जातात. जिवाणूंमध्ये हा त्रास कमी. पेपरच्या गाभ्यात ही रचना नाही, हा त्याचा मोठा फायदा. शिवाय एका ॲप्टॅमरवर एकच रंगद्रव्य बसतं, त्यामुळे एकेक एमआरएनए दिसायला त्यांचीही माळ करावी लागते.

मॉलिक्युलर बीकन १९९६ पासून आहेत. हेअरपिनच्या एका टोकाला रंगद्रव्य, दुसऱ्या टोकाला ते विझवणारा रेणू, आणि लक्ष्य सापडलं की हेअरपिन उघडून प्रकाश. जनुक बदलावं लागत नाही, पण प्रोब पेशीत पोचवायला मायक्रोइंजेक्शनसारखे उपाय लागतात. पेशीतल्या न्यूक्लिएजनी प्रोब कुरतडला तर लक्ष्य नसतानाही उजेड पडतो, म्हणून साध्या डीएनएऐवजी २'-ओ-मिथाइलसारखा चिवट कणा घेतात. आरएनए कापणारं कॅस१३ हे एन्झाइमही, कापण्याची क्षमता काढून टाकून, २०१७ पासून वापरात आहे. त्याला गाइड आरएनए देऊन पेशीच्या स्वतःच्या आरएनएवर नेता येतं. मात्र त्यात मोकळ्याला विझवण्याची सोय नाही, त्यामुळे ज्याच्या प्रती एका जागी दाटीने जमतात अशा आरएनएवर ते चांगलं चालतं. एनईएटी१ हा आरएनए त्याचं ठरलेलं उदाहरण. विरळ एमआरएनएसाठी मी तिकडे जाणार नाही.

माझा कौल सांगतो. सस्तन पेशी, यीस्ट किंवा माशीच्या भ्रूणातला एकेक एमआरएनए पाहायचा असेल तर एमएस२ किंवा पीपी७. जिवाणू, किंवा २४ हेअरपिनचं ओझं झेपणार नाही असा भरपूर प्रमाणातला छोटा आरएनए असेल तर ॲप्टॅमर, आणि त्यातही पेपरपासून सुरुवात.

पायरी ३: टॅग बसवायचा कुठे?

इथून पुढे मुख्यतः एमएस२ धरून चालतो.

एमआरएनएचा प्रवास पाहायचा असेल तर हेअरपिन स्टॉप कोडॉननंतर, ३' यूटीआरमध्ये, म्हणजे प्रथिनात न उतरणाऱ्या शेवटच्या भागात, घाला. तिथे रायबोसोमची ये-जा नसते. ५' यूटीआरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या तशाच भागात, घातल्या तर रायबोसोमचा रस्ता अडू शकतो. ३' यूटीआरमध्येही जागा बघून घाला, कारण आरएनएचा पत्ता लिहिलेला भाग बऱ्याचदा तिथेच असतो. बीटा-ॲक्टिनचा पत्ता स्टॉप कोडॉननंतर लगेच येणाऱ्या ५४ न्यूक्लिओटाइडमध्ये आहे. त्याच्या मधोमध हेअरपिन घुसवल्या तर आरएनए छान चमकेल आणि वाटेल तिथे जाईल.

जनुक चालू-बंद होताना पाहायचं असेल तर हिशेब उलटा होतो. समजा जनुक १० हजार बेसचं आहे आणि आरएनए लिहिणारा पॉलिमरेज मिनिटाला २ हजार बेस धावतो. हेअरपिन सुरुवातीला असतील तर त्या लिहून झाल्यापासून आरएनए सुटेपर्यंत साधारण पाच मिनिटं उजेड राहतो आणि एकामागून एक निघालेल्या प्रतींचा प्रकाश साचत जातो. शेवटी असतील तर त्या लिहून होतात न होतात तोच आरएनए निघून जातो. त्यामुळे अशा कामात हेअरपिन ५' बाजूला किंवा सुरुवातीच्या इंट्रॉनमध्ये ठेवतात. इंट्रॉनमध्ये ठेवल्यास स्प्लायसिंग झालं की उजेड गेला, हे विसरू नका.

प्लास्मिड हाताळताना एक खास कटकट आहे. २४ सारखे तुकडे ओळीने आले की ई. कोलाय आपसांत रिकॉम्बिनेशन करून त्यातले काही गाळतो. स्टेबल३सारखी रिकॉम्बिनेशन मंदावलेली जात वापरा, ३० अंशांवर वाढवा, आणि प्रत्येक प्रेपनंतर रिस्ट्रिक्शन एन्झाइमने कापून जेलवर संपूर्ण माळेची लांबी पाहा. साधारण तेराशे-दीड हजार बेसचा पट्टा हवा. पीसीआरवर भरवसा ठेवू नका, सारख्या तुकड्यांवर तो अडखळतो. हल्ली हेअरपिनमधले सांधे आणि देठांची अक्षरं बदललेल्या, कमी पुनरावृत्तीच्या माळा मिळतात, त्याच घ्या. ॲडजीनसारख्या प्लास्मिड-भांडारात त्या असतात.

क्रिस्परने जनुकाच्या मूळ जागी माळ बसवता आली तर उत्तमच. प्लास्मिडवरून भरमसाट बनवलेला आरएनए पेशीच्या नेहमीच्या व्यवस्थेला पुरून उरतो आणि जे दिसतं ते या गर्दीचं वर्तन असतं. मात्र पहिल्याच प्रयोगाला क्रिस्पर नको. आधी तयार प्लास्मिडवर हात बसू द्या.

यीस्टवाल्यांसाठी वेगळी सूचना. तिथे जुन्या एमएस२ माळेवर प्रथिन इतकं घट्ट बसतं की आरएनए कुरतडणाऱ्या एन्झाइमला वाट अडते आणि हेअरपिनचे उरलेले तुकडे पेशीत साचतात. २०१५ मध्ये हे समोर आल्यावर बराच वाद झाला. जरा सैल पकड असलेली सुधारलेली माळ २०१८ पासून उपलब्ध आहे. यीस्टमध्ये काम करत असाल तर तीच वापरा.

पायरी ४: मोकळ्या प्रथिनावर लगाम

नवखे लोक सिग्नल कमी दिसला की आवरण-प्रथिन वाढवतात. बहुतेक वेळा करायचं असतं उलट. हिशेब करून बघू.

सस्तन पेशीचं आकारमान साधारण २,००० फेम्टोलिटर धरा. मायक्रोस्कोप एका बिंदूवर जेवढा भाग एकत्र पाहतो तो सुमारे ०.२ फेम्टोलिटर. पेशीत चमकणारे दहा-बारा लाख मोकळे रेणू असतील, म्हणजे साधारण १ मायक्रोमोलार, तर त्या इवल्याशा भागात दर क्षणी सव्वाशेच्या आसपास मोकळे रेणू आहेत. तुमचा पूर्ण भरलेला एमआरएनए फार तर ४८ रेणूंचा. तो दिसणार कसा? आता मोकळे रेणू ३० हजारांवर आणा: त्याच भागात तीन-चार उरतात आणि ठिपका लख्ख दिसतो.

दुसऱ्या बाजूची मर्यादाही बघा. पेशीत एमआरएनएच्या १०० प्रती असतील तर सगळ्या जागा भरायला ४,८०० रेणू पुरतात, ५०० प्रतींना २४ हजार लागतात. प्रथिन याहून कमी पडलं की प्रत्येक आरएनएवर कमी-जास्त रेणू बसतात आणि ठिपक्यांची तेजस्विता विखुरते. तेव्हा प्रथिन गरजेपेक्षा थोडं जास्त हवं, लाखोंनी जास्त नको.

हे साधण्यासाठी सीएमव्हीसारखा जोरकस प्रमोटर टाळा. यूबीसीसारखा मवाळ प्रमोटर घेऊन लेंटिव्हायरसने स्थिर पेशी बनवा, मग सॉर्टरवर निवड करताना सगळ्यात चमकणारा गट सोडून, जेमतेम हिरवा दिसणारा गट उचला. सॉर्टर चालवणारा माणूस तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

जीएफपीऐवजी हॅलोटॅग, म्हणजे बाहेरून दिलेलं रंगद्रव्य पकडून ठेवणारं प्रथिन, जोडलं तर बाहेरून लाल बाजूची जेएफ५४९ किंवा जेएफ६४६ अशी टिकाऊ रंगद्रव्यं लावता येतात. पेशीचा स्वतःचा उजेड हिरव्या पट्ट्यात जास्त असतो, लालकडे कमी, त्यामुळे फायदा दुहेरी. मात्र जादा रंगद्रव्य नीट धुतलं पाहिजे, नाहीतर मोकळ्या टॅगचा प्रश्न मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

ॲप्टॅमर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: रंगद्रव्याचं द्रावण प्रकाशापासून जपा, अंतिम मिश्रणात डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवा, आणि डीएफएचबीआय घराण्यातलं रंगद्रव्य असेल तर सलग प्रकाश टाकू नका. प्रकाशाने ते आकार बदलून विझतं, पण काळोखाची थोडी उसंत मिळाली की ते निघून नवं रंगद्रव्य त्या जागी येतं आणि चमक परतते. थांबून-थांबून फोटो घेतले तर याचाच फायदा मिळतो.

पायरी ५: मायक्रोस्कोपवर

पेशी काचेच्या तळाच्या डिशमध्ये वाढवा, तळाची काच १.५ नंबरची, म्हणजे ०.१७ मिलीमीटर जाडीची. नेहमीचं गुलाबी मीडियम काढून फिनॉल रेडविना असलेलं घाला. फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन दोन्ही चमकतात. तापमान आणि कार्बन डायऑक्साइडची सोय सुरू करून तासभर आधी सगळं स्थिरावू द्या. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हलाही तापवणारी पट्टी लागते, कारण थंड ऑब्जेक्टिव्ह तेलातून पेशींची उष्णता ओढून घेतं आणि फोकसही सरकत राहतो.

ऑब्जेक्टिव्ह ६०एक्स किंवा १००एक्स, एनए (प्रकाश गोळा करण्याची क्षमता) १.४च्या आसपास. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल नमुन्यावर साधारण १०० नॅनोमीटर पडला पाहिजे. प्रकाशाच्या मर्यादेमुळे प्रत्येक आरएनए सुमारे २५० नॅनोमीटरचा ठिपका म्हणूनच दिसेल, रेणू प्रत्यक्षात कितीही लहान असो. साध्या बिंदू-बिंदू स्कॅन करणाऱ्या कॉन्फोकलपेक्षा स्पिनिंग डिस्क किंवा तिरप्या किरणांचं हायलो या कामाला बरं, कारण संपूर्ण चौकट एकदम टिपली जाते.

एक्स्पोजर किती ठेवायचं, हे अंदाजाने ठरवू नका. पेशीद्रव्यात भटकणाऱ्या एमआरएनएचा विसरण गुणांक ०.३ वर्ग मायक्रोमीटर प्रतिसेकंद धरला तर ५० मिलिसेकंदांत तो सुमारे पाव मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे जेमतेम आपल्याच ठिपक्याएवढा. अर्ध्या सेकंदात पाऊण मायक्रोमीटरहून जास्त. मग ठिपक्याचा फराटा होतो, प्रकाश पसरतो आणि आरएनए बॅकग्राउंडमध्ये विरून जातो. 'माझ्या पेशीत आरएनए दिसतच नाही' अशी तक्रार असेल तर एक्स्पोजर कमी करून पाहा. कमी वेळात जास्त दिसेल, हे पटायला जड जातं खरं.

ट्रान्सक्रिप्शनची, म्हणजे जनुकावरून आरएनए लिहिला जाण्याची, जागा मात्र फारशी हलत नाही. तिथे अर्ध्या-अर्ध्या मायक्रोमीटरवर झेड-स्टॅक घ्या आणि पुढचा स्टॅक ३० ते ६० सेकंदांनी. हे काम भटक्या आरएनएच्या सेटिंगवर केलंत तर दहा मिनिटांत सगळं ब्लीच होईल.

प्रकाश हे विषही आहे. पेशी गोल होऊ लागल्या, कडेला फुगे आले, विभाजन मध्येच अडलं, तर मात्रा जास्त झाली. पण काही हानी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून डिशचा एक कोपरा प्रकाशाशिवाय ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या पेशी सारख्याच वाढल्यात का ते पाहा.

पायरी ६: जे चमकतंय ते खरंच आरएनए आहे का?

वेळ कमी असेल तर बाकी काहीही कापा, ही पायरी कापू नका.

हेअरपिन नसलेल्या पेशीत फक्त आवरण-प्रथिन घालून अगदी त्याच सेटिंगवर फिल्म घ्या. तिथेही ठिपके दिसले तर ते प्रथिनाचे गोळे आहेत. मग टॅग काहीच न घातलेल्या पेशी पाहा. लायसोसोममधला कचरा जवळजवळ प्रत्येक चॅनेलमध्ये चमकतो, म्हणून तोच ठिपका रिकाम्या चॅनेलमध्येही दिसतो का तपासलं की चोर सापडतो. ॲप्टॅमर असेल तर घडी मोडलेला, अक्षरं बदललेला तुकडा हवा, आणि रंगद्रव्याशिवायच्या पेशीही.

आता एसएम-फिश. पेशी फिक्स करून दोन रंगांचे प्रोब लावा: एक रंग जनुकाच्या प्रथिन-भागावर, दुसरा हेअरपिनच्या माळेवर. दोन्ही एकाच जागी आले तर आरएनए अखंड आहे. फक्त हेअरपिनचा रंग दिसला तर तो कुरतडलेल्या आरएनएचा उरलेला शेपटा आहे, आणि तुमच्या जिवंत फिल्ममध्येही तोच चमकत होता. अशा एकट्या ठिपक्यांचं प्रमाण किती, हा आकडा लेखात द्याच. कोणी मागितला नाही तरी.

टॅगमुळे आरएनएचं वागणं बदललं का, हे तपासायला टॅग लावलेलं आणि न लावलेलं जनुक शेजारी ठेवा. प्रतींची संख्या आणि पेशीतली जागा एसएम-फिशने, प्रथिनाचं प्रमाण वेस्टर्न ब्लॉटने, आणि अर्धायुष्य ट्रान्सक्रिप्शन थांबवणारं ॲक्टिनोमायसिन डी देऊन वेगवेगळ्या वेळी आरटी-क्यूपीसीआरने. हेच औषध दिल्यावर केंद्रकातले ट्रान्सक्रिप्शनचे मोठे ठिपके थोड्या वेळात मावळले पाहिजेत. तसेच टिकून राहिले तर ते ट्रान्सक्रिप्शनचे नाहीत.

शेवटची तपासणी फुकटातली आहे: सगळ्या ठिपक्यांच्या तेजस्वितेचा आलेख काढा. एकच टेकाड आलं तर बहुतेक ठिपके एकेक आरएनए आहेत. दुप्पट, तिप्पट तेजावर आणखी टेकाडं दिसली तर एका ठिपक्यात अनेक आरएनए आहेत किंवा प्रथिनाचे गोळे झालेत.

पायरी ७: ठिपक्यांवरून आकड्यांकडे

ठिपके शोधायला फिजीमधलं ट्रॅकमेट पुरेसं आहे, फिक्स केलेल्या पेशींसाठी फिश-क्वांट. दोन्ही मोफत. शोधण्याचा उंबरठा मात्र हेअरपिन नसलेल्या पेशींच्या फिल्मवर ठरवा. तिथे जवळपास शून्य ठिपके मोजले जातील असा आकडा निवडा आणि तोच सगळ्या फिल्म्सना लावा. सुंदर दिसणाऱ्या फिल्मवर उंबरठा ठरवला की हवं ते उत्तर हमखास मिळतं.

एकट्या एमआरएनएची सरासरी तेजस्विता कळली की ट्रान्सक्रिप्शनच्या ठिपक्याला तिने भागा. त्या क्षणी जनुकावर किती आरएनए लिहिले जात आहेत, याचा अंदाज मिळतो. भागाकार थोडा कमी येतो, कारण अर्धवट लिहिलेल्या आरएनएवर सगळ्या हेअरपिन अजून आलेल्या नसतात. दोन्ही मोजमापं एकाच पेशीत, एकाच एक्स्पोजरवर हवीत.

एकेका आरएनएच्या वाटेचा मागोवा घेताना एक सापळा सांभाळा. वेगाने भटकणारा आरएनए फोकसमधून लवकर निसटतो आणि संथ किंवा अडकलेला टिकून राहतो. फक्त लांबलचक मागोवे निवडले तर 'माझा आरएनए संथ आहे' असा निष्कर्ष आपोआप निघतो. लहान मागोवेही हिशेबात धरा.

काहीच दिसलं नाही तर

आधी प्लास्मिडची माळ जेलवर पुन्हा पाहा, ती आखडलेली असू शकते. मग पेशीभर एकसारखी हिरवी धग आहे का बघा. असेल तर प्रथिन जास्त झालंय, अजून मंद पेशी निवडा. केंद्रक चमकतंय पण पेशीद्रव्य पूर्ण काळं असेल तर एनएलएस नीट काम करतोय, आरएनएच बाहेर येत नसावा किंवा फार थोडा असावा. एक्स्पोजर ३० ते ५० मिलिसेकंदांवर आणून लेझर थोडा वाढवा. तरीही काही नसेल तर डिश फिक्स करा आणि त्याच जनुकावर एसएम-फिश करून बघा. तिथेही ठिपके सापडले नाहीत तर या पेशींमध्ये ते जनुक बहुधा बंदच आहे. मग पेशींची जात बदला, किंवा जनुक चालू करणारा संकेत देऊन पुन्हा पहिल्या पायरीवर या.